घरातील पोपटांचा थवा : दिनचर्या आणि दक्षता

महाराष्ट्रातील घरांना पोपट हा नवा नाही. ओसरीवर टांगलेला पिंजरा, त्यातील राघू, त्याच्यापुढे ठेवलेली हिरवी मिरची व पेरूची फोड, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याच्याकडून वदवून घेतलेले दोन शब्द हे दृश्य मागील पिढ्यांच्या चांगले परिचयाचे होते. वात्स्यायनाने गणलेल्या चौसष्ट कलांत शुक व सारिका यांना बोलावयास शिकविणे ही एक कला आहे. ‘शुकसप्तति’ ह्या संस्कृत कथासंग्रहात तर पोपट हाच कथा सांगणारा आहे. एवढा दीर्घ सहवास असूनही भाषेत मात्र ‘पोपटपंची’ हा शब्द अर्थशून्य घोकंपट्टीचा वाचक म्हणून रूढ झाला. ह्या शब्दात पक्ष्याविषयीचा एक गैरसमज साठविलेला आहे. पोपट शब्द उच्चारतो तो मनुष्याची करमणूक व्हावी म्हणून नव्हे; ज्यांच्यासमवेत राहावयाचे त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळावा, ही त्याची उपजत ओढ असते. पोपट हा थव्याचा प्राणी आहे. एकट्या पोपटाला मनुष्यांचाच थवा करावा लागतो, इतकेच.

अलीकडे शहरांतील अनेक कुटुंबांत एकच पक्षी न पाळता चार, आठ, दहा पक्ष्यांचा लहानसा थवा पाळण्याची प्रवृत्ती दिसते. पक्ष्याच्या दृष्टीने ही इष्ट गोष्ट होय; परंतु त्यामुळे पाळणाऱ्याचे काम हलके होत नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलते. अशा थव्याची दिनचर्या कशी असते, आणि तीतील प्रत्येक लहानसहान कामाचे पक्ष्याच्या मूळ स्वभावात कोणते कारण आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोणते पोपट पाळता येतात?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. गळ्याभोवती कंठ असलेला आपल्याकडील नेहमीचा हिरवा पोपट, खांद्यावर तांबडा डाग असलेला त्याहून मोठा पोपट, जांभळट मस्तकाचा लहान पोपट हे सर्व भारतीय वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. ओसरीवरील राघूचे ते जुने दृश्य आता कायद्याबाहेरचे झाले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण तसा प्रत्येक राघू बहुधा झाडाच्या ढोलीतून पिलू असताना काढलेला असे.

आज घरोघरी जे थवे दिसतात ते परदेशी, परंतु बंदिवासातच पैदास झालेल्या जातींचे असतात. बजरीगर, कॉकटील व लव्हबर्ड ह्या त्यांतील प्रमुख जाती होत. बाजारात बजरीगरलाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकण्याची रीत आहे. वस्तुतः लव्हबर्ड ही आफ्रिका व मादागास्कर येथील आखूड शेपटीच्या पोपटांची स्वतंत्र प्रजाती असून तीत नऊ जाती आहेत. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, आणि तेथून त्यांची पैदास जगभर पसरली. कॉकटील हाही ऑस्ट्रेलियाचाच. मात्र तो काकाकुवाच्या कुळातील आहे.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘सायटीझ’ करारातील परिशिष्टांत बहुतेक सर्व पोपट समाविष्ट आहेत. बजरीगर, कॉकटील व गुलाबी मुखाचा लव्हबर्ड हे त्याला अपवाद होत. परिशिष्टांतील जातींचे पक्षी ज्यांच्याकडे असतील त्यांनी २०२४ च्या नियमांनुसार त्यांची शासनाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. अर्थात पक्षी घेण्यापूर्वी त्याची जात निश्चित करणे ही केवळ शास्त्रीय जिज्ञासेची बाब राहिलेली नाही.

थव्याची वृत्ती

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष गवताळ प्रदेशांत बजरीगरांचे थवे पाऊस व गवताचे बी ह्यांच्या मागे सतत भटकत असतात. सकाळी पाणी पिणे, मग जमिनीवर उतरून बी वेचणे, दुपारच्या उन्हात झाडाच्या आडोशाला स्वस्थ बसणे, उतरत्या प्रहरी पुन्हा चरणे आणि सायंकाळी कलकलाट करीत वस्तीला येणे असा त्यांचा दिनक्रम असतो. ह्यातील प्रत्येक कृती सर्वजण मिळून करतात. एकाने पंख ताणले की शेजारी ताणतो. एका बजरीगरने जांभई दिली की दुसऱ्यालाही ती येते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

थव्याला एकत्र बांधणारा धागा म्हणजे हाक. दृष्टीआड झालेला सोबती ‘आहे’ की नाही, हे विचारणारी व सांगणारी ही हाक दिवसभर चालू असते. बजरीगरांची जोडी जमू लागली की नर हा मादीच्या हाकेचे अनुकरण करून आपली हाक तिच्या हाकेसारखी करतो. व्हेनेझुएलातील एका लहान पोपटाच्या जातीत आईबाप आपल्या प्रत्येक पिलाला वेगळी हाक देतात व पिले ती शिकतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून तीस वर्षे अभ्यासिलेला ‘ॲलेक्स’ हा करडा आफ्रिकी पोपट रंग, आकार व लहान संख्या ओळखून त्यांची नावे सांगत असे. त्याला शिकविण्याची त्यांची पद्धतीही सामाजिकच होती. दोन माणसे त्याच्यादेखत परस्परांशी बोलत, आणि तो त्या संभाषणात शिरू पाही.

ह्याच संघवृत्तीची दुसरी बाजू पाळणाऱ्याला अधिक महत्त्वाची आहे. थव्यातील जो पक्षी इतरांहून वेगळा दिसतो तो शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. म्हणून आजारी पोपट आपला आजार शक्य तितका लपवितो. इतरांसमवेत तो दाणे टिपल्यासारखे करतो, कोणी जवळ येताच पिसे आवळून ताठ बसतो. तो पिसे फुलवून, डोळे मिटून, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसू लागतो तेव्हा आजार बहुधा फार पुढे गेलेला असतो. ‘काल तर चांगला होता’ हे उद्गार पक्षी गमावलेल्या घरांतून वारंवार ऐकू येतात. वस्तुतः तो काल चांगला नव्हता. चांगला दिसत होता. थव्याच्या संगोपनातील खरी अडचण ही आहे, आणि दिनचर्येतील बहुतेक कामे ह्या लपंडावावर मात करण्यासाठीच आखावी लागतात.

सकाळ : मोजणे, पाहणे, तोलणे

दिवसाचा प्रारंभ पिंजऱ्यावरील आच्छादन काढण्याने होतो. पहिले काम दाणे घालण्याचे नसून पाहण्याचे असते. सर्व पक्षी नेहमीच्या जागी आहेत काय, सकाळची किलबिल नेहमीसारखी आहे काय, हाकेला कोण उत्तर देत नाही, हे दाराशी उभे राहून क्षणभर पाहावे. माणूस जवळ गेल्यावर जे पक्षी सावध होतात ते दुरून पाहिले असता खरे रूप दाखवितात.

दुसरे काम तळाच्या कागदाचे. कोरा, छपाई नसलेला कागद अंथरून तो रोज बदलल्यास रात्रभराची विष्ठा वाचता येते. निरोगी विष्ठेचे तीन भाग असतात: हिरवट वा तपकिरी घट्ट भाग, पांढरा युरेटचा भाग, आणि थोडे स्वच्छ पाणी. पांढरा भाग पिवळा वा हिरवा झाला, पाण्याचे प्रमाण फार वाढले, अखंड दाणे तसेच बाहेर पडले अथवा विष्ठेचे प्रमाणच घटले, तर त्याची नोंद घ्यावी. काकडी किंवा फळे खाल्ल्यावर पाणी वाढते, भाज्यांमुळे रंग बदलतो. म्हणून आदल्या दिवशी काय खावयास दिले होते ते ध्यानात ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

तिसरे काम वजनाचे. प्रौढ बजरीगर साधारणपणे ३० ते ४० ग्रॅम भरतो, कॉकटील ८० ते १०० ग्रॅम. ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातील साध्या काट्यावर एक दांडी बसवून पक्ष्याला तीवर उभे राहण्याची सवय लावता येते. वजन नेहमी सकाळी, खाण्यापूर्वी घ्यावे. पिसांच्या फुगाऱ्याखाली छातीचे हाड वर आलेले डोळ्यांना दिसत नाही, परंतु काटा ते सांगतो. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन साडेतीन ग्रॅमनी उतरले तर त्याच्या देहाचा दशांश गेला असे होते. अशा वेळी पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. एका पक्ष्याला अर्धा मिनिट लागतो, आणि वहीतील ती आकड्यांची ओळ पक्ष्याने लपविलेली गोष्ट अनेकदा कित्येक दिवस आधी उघड करते.

आहार

दाण्यांची वाटी हा फसवणुकीचा आणखी एक प्रकार आहे. पोपट दाणा सोलून खातो व फोलपट वाटीतच टाकतो. वरून पाहणाऱ्याला वाटी भरलेली दिसते, आणि तिच्यापुढे थवा उपाशी असतो. म्हणून वाटी रोज फुंकून, फोलपटे काढून, नव्याने भरावयाची असते.

राळे, वरी, बाजरी ही लहान धान्ये बजरीगरांना आवडतात. कॉकटील सूर्यफूल व करडई यांच्या बियांवर अधिक तुटून पडतात. परंतु आवड व पोषण ह्या भिन्न गोष्टी होत. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पोपटांत अ जीवनसत्त्वाची व कॅल्शियमची कमतरता उद्भवते. बजरीगरांत आयोडिनच्या अभावी गळ्यातील ग्रंथी सुजते. तेलबियांनी यकृतात मेद साचतो. ह्यावर उपाय म्हणजे पक्ष्यांसाठी तयार केलेल्या संतुलित गोळ्या, मोड आलेली मटकी व मूग, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, तांबडा भोपळा आणि समुद्रफेसाचा एक तुकडा. नवे खाद्य पोपट लवकर स्वीकारीत नाहीत. येथे मात्र थवा उपकारक ठरतो. एका धीट पक्ष्याने पाला चाखला की इतर त्याच्यामागे येतात. जुने खाद्य एकदम बंद करून नवे लादण्याचा मार्ग मात्र धोक्याचा आहे, कारण कित्येक पक्षी न ओळखलेल्या अन्नापुढे उपाशी राहतात.

ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य व कांदा हे पदार्थ पोपटांना विषवत् आहेत. खारवलेले पदार्थही देऊ नयेत. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लागते व तिचे विष यकृताला घातक असते. कुबट वासाचे दाणे धुऊन-वाळवून वापरण्याऐवजी टाकून देणेच श्रेयस्कर.

घर आणि आकाश

दिवसातून काही वेळ तरी थव्याला खोलीत मोकळे उडू द्यावे. पोपटाचे शरीर उड्डाणासाठी घडलेले आहे, आणि पिंजऱ्यातील उड्या हा त्याचा पर्याय नव्हे. परंतु मनुष्याचे घर हे पक्ष्याच्या दृष्टीने अपरिचित संकटांनी भरलेले असते. छताचा पंखा हे त्यांतील पहिले. पंखा बंद करून त्याची पाती थांबल्यावरच दार उघडावे, हा नियम घरातील प्रत्येकाच्या अंगवळणी पडला पाहिजे. काच व आरसा झाकावेत, पाण्याच्या बादल्या व उघडी पातेली दूर करावीत, खिडकीची जाळी पाहावी. मांजर असलेल्या घरी तर तिच्या एका ओरखड्यानेही जंतुसंसर्ग होऊन पक्षी दगावतो.

दुसरे संकट अदृश्य आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांना वायुकोशांची जोड असते, आणि हवा त्यांतून एकाच दिशेने वाहत राहते. उड्डाणासाठी लागणारा प्राणवायू ह्या व्यवस्थेमुळे भरपूर मिळतो, परंतु त्याच कार्यक्षमतेने विषारी वायूही शोषला जातो. न चिकटणारा लेप दिलेले तवे व कढया अति तापल्या असता जो धूर निघतो त्याने शेजारच्या खोलीतील संपूर्ण थवा काही मिनिटांत मृत झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात सुविदित आहेत. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, फवारे, रंगकामाचा वास हेही त्याज्य होत. दिवाळीच्या दिवसांत धूर व दणदणाट दोन्ही एकत्र येतात. तेव्हा थवा आतल्या बंद खोलीत हलविणे बरे.

बसण्याच्या दांड्या एकसारख्या गुळगुळीत असू नयेत. पोपटाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. एकाच जाडीच्या दांडीवर सदैव बसल्याने तळव्याच्या त्याच भागावर भार पडून तेथे व्रण होतात. पेरूच्या वा कडुनिंबाच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या ह्या कामी उत्तम. त्यांची साल सोलण्यात थव्याची दुपारही सार्थकी लागते. चोचीला काम नसलेला पोपट स्वतःचीच पिसे उपटू लागतो, आणि ही खोड एकदा लागली की मोडणे कठीण असते.

तंटे, जोड्या आणि नवे पाहुणे

थव्यात सख्य असते तसे तंटेही असतात. उंचावरची जागा, आवडता सोबती, वाटीजवळची पाळी ह्यांवरून रोज कुरबूर होते. वाट्या व पाणी एकाहून अधिक ठिकाणी ठेवल्यास दुबळ्या पक्ष्याची उपासमार टळते. बजरीगर व कॉकटील प्रशस्त जागेत एकत्र नांदू शकतात. लव्हबर्ड मात्र इतरांची बोटे चावून जखमी करतात, सबब त्यांना वेगळे ठेवावे.

दिवसाचा प्रकाशकाल लांबला, अन्न विपुल झाले आणि ढोलीसारखी अंधारी जागा मिळाली की माद्या अंडी घालू लागतात. बजरीगरची मादी सामान्यतः चार ते सहा अंडी घालते व सुमारे अठरा दिवस उबविते. पिलांची सोय नसेल तर घरटे देऊ नये व अंधाराचा काळ वाढवावा. वरचेवर अंडी घातल्याने मादीच्या हाडांतील कॅल्शियम झिजते. अंडे अडकून कुंथत बसलेली मादी ही तातडीची बाब असते. तेथे घरगुती उपायांत वेळ दवडणे म्हणजे तिला गमावणे होय.

नवा पक्षी आणला की तो लगेच थव्यात सोडण्याचा मोह होतो. त्याला निदान तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे व त्याचे काम सर्वांच्या शेवटी करावे. ह्या नियमाला इतिहासाचा आधार आहे. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांमुळे अनेक देशांत सिटॅकोसिस ह्या रोगाची साथ उद्भवली होती. ‘क्लॅमिडिया सिटॅसाय’ ह्या जंतूमुळे होणारा हा रोग पक्ष्याकडून माणसाला होतो व फुप्फुसांवर आघात करतो. आज त्यावर गुणकारी औषधे आहेत. परंतु ताप व खोकला घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्याने घरात पोपट आहेत हे आपण होऊन सांगितले पाहिजे. कॉकटीलांच्या पिसांतून सतत झडणारी भुकटीही काही व्यक्तींच्या फुप्फुसांना बाधते. म्हणून ओल्या फडक्याने रोज पुसणे व खोलीत हवा खेळती ठेवणे ही स्वच्छता पक्ष्यांइतकीच माणसांसाठीही असते.

सायंकाळ व रात्र

सूर्यास्ताच्या सुमारास थव्यात पुन्हा एकदा कलकलाट होतो. शेजाऱ्यांना त्रासदायक वाटणारा हा गलबला म्हणजे वस्तीला परतल्याची हजेरी होय, आणि तो दटावून बंद होत नाही. पोपटांना दहा ते बारा तासांचा अंधार व शांतता हवी असते. ज्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवे व दूरचित्रवाणी चालू असते तेथे थवा चिडचिडा होतो. कॉकटील रात्री एखाद्या आवाजाने वा सावलीने दचकून अंधारात धडपडतात, आणि एकाच्या भयाने सारे उडतात. त्यात पंख मोडण्याचा संभव असतो. एक मंद दिवा ठेवल्याने त्यांना दांडी दिसते व भय निवते. आच्छादन घालण्यापूर्वी संख्या पुन्हा एकदा मोजावी. त्याबरोबरच दिवसभरात कोण कोणापाशी बसला, कोण वाटीकडे गेला नाही, हेही आठवून पाहावे.

दीर्घकालाची बांधिलकी

येथवर वर्णिलेल्या कामांत अवघड असे एकही नाही. अवघड आहे ते त्यांचे सातत्य. रोजची गोष्ट रोज सारखीच असली म्हणजेच त्यात पडलेला फरक कळतो. पंधरा दिवसांतून एकदा पाहणाऱ्याला थवा सदैव निरोगीच दिसतो. गावी जावयाचे असेल तर केवळ दाणापाणी घालणारा शेजारी पुरेसा नसतो. प्रत्येक पक्ष्याची खोड, जागा व वजन लिहून दिलेली वही त्याच्या हाती असावयास हवी.

बजरीगर सामान्यतः पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकटील पंधरा-वीस वर्षे, आणि मोठे पोपट तर कित्येकदा पाळणाऱ्याच्या पश्चातही जगतात. मुलाच्या हट्टासाठी शाळकरी वयात आणलेला कॉकटील तो मुलगा शिक्षण संपवून परगावी गेल्यावरही हाकेला उत्तर मागत असतो. कंटाळलेली कुटुंबे कधी कधी पिंजरा उघडून पक्ष्यांना ‘मुक्त’ करतात. अनेक पिढ्या बंदिवासात वाढलेल्या ह्या परदेशी पक्ष्यांना येथे अन्न शोधता येत नाही, आणि घार, शिक्रा व कावळे त्यांना लगेच टिपतात. ती मुक्तता नव्हे. थवा पाळावयाचा की नाही, हा निर्णय पहिला पक्षी आणण्यापूर्वीच करावयाचा असतो. पाळणारा हा थव्याचा मालक असण्यापेक्षा त्यातील एक सभासद असतो, आणि आजार लपविणाऱ्या त्या समुदायात पहारा देण्याचे काम एकट्या त्याच्याच वाट्याला आलेले असते.